जादूची पुस्तकं कुणी वाचायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच कपाटातली आहेत, फँटसी आणि विज्ञानकथा, आणि विचारणारे सहावीतल्या मुलीच्या आईपासून रिटायर झालेल्या काकांपर्यंत सगळे आहेत, म्हणून या वेळचं सदर अख्खं त्यालाच दिलंय. मी घराच्या पुढच्या खोलीत मुलांची छोटीशी लायब्ररी चालवते, गेली बरीच वर्षं, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं वाचलेलं आहे आणि निम्मं त्या खोलीत बघितलेलं.

प्रश्न: ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. गेले आठ महिने ती फक्त हॅरी पॉटर वाचतेय, एक संपलं की पुढचं, आता पाचवं हातात आहे आणि ते तर उशीएवढं जाड आहे. अभ्यासाला बसवलं तरी पुस्तक मांडीवर. सासूबाई म्हणतात असलं जादूटोण्याचं वाचून डोक्यात भलतंसलतं बसतं. मिस्टर म्हणतात वाचतेय ना, वाचू दे. मी मधल्यामध्ये अडकलेय. बंद करू का?
– एक आई, सातारा

उत्तर: बंद अजिबात करू नका. पण थोडं हळू करता आलं तर बघा, आणि त्याचं कारण जादूटोणा नाही, त्या सिरीजची रचना आहे. पहिल्या पुस्तकात तो मुलगा अकरा वर्षांचा होतो आणि मग दर पुस्तकाला त्याचं एक वर्ष वाढत जातं. ही पुस्तकं १९९७ ते २००७ अशी दहा वर्षांत आली, म्हणजे ज्या मुलांनी ती निघाली तेव्हा वाचली ती पुस्तकांबरोबर मोठी होत गेली, शेवटचं हातात आलं तेव्हा ती कॉलेजात होती. तुमची मुलगी तेच अंतर काही महिन्यांत पळतेय. पहिलं पुस्तक इंग्लंडच्या आवृत्तीत २२३ पानांचं, पाचवं ७६६ पानांचं, आणि फरक नुसता पानांचा नाही. चौथ्याच्या शेवटी एक शाळकरी मुलगा मरतो आणि तिथून सगळा रंगच बदलतो. पाचव्यात तर हिरो अख्खं पुस्तकभर चिडलेला आहे, मित्रांवर ओरडतो, मोठ्यांवर ओरडतो, तो पंधरा वर्षांच्या मुलाचा राग आहे, अकरा वर्षांच्या मुलीला तो कधीकधी नुसताच कंटाळवाणा वाटतो. माझ्याकडे कितीतरी मुलं पाचव्याच्या मध्यावर थांबतात आणि दोन वर्षांनी परत येऊन तेच पुस्तक चार दिवसांत संपवतात. तीही थांबली तर "अर्धवट का टाकलंस" म्हणू नका. पुढे जायचं म्हणाली तर जाऊ द्या, फक्त तुम्हीही तेच पुस्तक रात्री दहा पानं का होईना वाचा, म्हणजे ती काही विचारायला आली की तुम्हाला ठाऊक असेल ती कुठल्या खोलीत उभी आहे.

आता सासूबाईंचं. त्यांनी लहानपणी नक्की ऐकलेली, बहुतेक तुमच्या मुलीलाही सांगितलेली गोष्ट म्हणजे राक्षसाचा जीव पोपटात. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, आणि पोपटाची मान मुरगळल्याशिवाय राक्षस मरत नाही. त्या सिरीजमधल्या दुष्टाचं गुपितही याच जातीचं आहे, ते सहाव्या पुस्तकात नीट उलगडतं (मुलीला आत्ता सांगू नका, तिची मजा जाईल). सासूबाईंना मात्र जरूर सांगा, आणि जमलं तर रोज संध्याकाळी नातीला म्हणावं की आज वाचलेलं आजीला मराठीत सांग. एक आजी माझ्याकडे अशीच तक्रार घेऊन आल्या होत्या, त्या आता नातवाच्या आधी विचारतात, पुढं काय झालं त्या पोराचं.

आणि हो, पहिल्या पुस्तकाचं मराठी भाषांतर बघितलंत का, 'हॅरी पॉटर आणि परीस'. इंग्रजीत त्या दगडासाठी दोन शब्द लागतात, 'फिलॉसॉफर्स स्टोन', आपल्याकडे लोखंडाचं सोनं करणाऱ्या दगडाला एक शब्द शेकडो वर्षं तयारच आहे, ज्ञानोबा-तुकोबांच्या काळापासून. मला ते शीर्षक बघून फार बरं वाटलं होतं.

प्रश्न: मी ५८ वर्षांचा, बँकेतून नुकताच रिटायर झालो. तरुणपणी नारळीकरांच्या विज्ञानकथा पारायणं केल्यासारख्या वाचल्या. मग पंचवीस-तीस वर्षं काहीच नाही. आता मुलाने चार मोठ्या इंग्रजी कादंबऱ्या आणून दिल्यात, पण पहिल्या पन्नास पानांतच विचित्र नावं, विचित्र शब्द, कोण कुठला काही कळत नाही आणि पुस्तक मिटतं. माझं वय झालं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, वयाचा काही संबंध नाही, सवय मोडलीय एवढंच. या प्रकारच्या पुस्तकात लेखक मुद्दाम सगळं आधी सांगत नाही, तुम्हाला एका अनोळखी गावात एसटीतून उतरवतो आणि निघून जातो, गाव आपणच चालून समजून घ्यायचं. ज्यांना सवय असते ते पन्नास पानं न कळता वाचू शकतात कारण त्यांना भरवसा असतो की पुढे कळेल. ज्यांची सवय गेलीय त्यांना वाटतं आपल्यालाच कळत नाहीये. मी एक साधी गोष्ट करते, पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवते आणि नाव आलं की लिहिते, नावापुढे दोन शब्द, 'हिचा भाऊ', 'जहाजवाला', बस. शंभराव्या पानापर्यंत चिठ्ठीची गरज उरत नाही.

पण जाड कादंबऱ्यांपासून सुरुवातच करू नका. तुम्ही मुळात कथेवर वाढलेले वाचक आहात. नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा आठवत असेल, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून नव्हे तर कथा बघून निकाल द्यावा, आणि पहिला नंबर आला. तेव्हा ते आधीच जगभर नाव असलेले शास्त्रज्ञ होते, त्यांना कथास्पर्धेत उतरायची काही गरज नव्हती, तरी उतरले. मे २०२५ मध्ये ते गेले त्या आठवड्यात माझ्याकडे 'यक्षांची देणगी'ची एकच प्रत होती आणि पाच जण ती मागायला आले, त्यातले तीन तुमच्या वयाचे. तर परत तिथूनच सुरू करा. 'यक्षांची देणगी' एकदा, मग लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, यांच्या कथा आठ-दहा पानांच्या, एका बैठकीत होतात.

इंग्रजीत जायचं तर टेड चियांगची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' ही १९९८ची दीर्घकथा वाचा. परग्रहावरून आलेल्यांची भाषा शिकायला एका भाषातज्ज्ञ बाईला बोलावतात, आणि ती भाषा शिकता शिकता तिला काळच वेगळा दिसायला लागतो. बंदुका नाहीत, लढाया नाहीत, एक आई आणि तिची मुलगी आहे. मी ती वाचून बराच वेळ गॅलरीत बसून होते. त्यानंतर काझुओ इशिगुरोची 'नेव्हर लेट मी गो', २००५ची. त्यात एकही विचित्र नाव नाही, एका होस्टेलच्या शाळेतली मुलं, त्यांची भांडणं-मैत्र्या, आणि हळूहळू कळत जातं की ही मुलं कशासाठी वाढवलीत. मी इथं सांगणार नाही.

तुमच्या मुलाने आणलेल्या चारांत 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' असेल असा माझा अंदाज आहे, सगळे तेच आणतात. ते पुस्तक इंग्रजीत चीनच्या सांस्कृतिक क्रांतीच्या प्रसंगाने सुरू होतं, १९६७ साल, भर सभेत एका प्राध्यापकाला त्याच्या मुलीसमोर मारतात. मूळ चिनी पुस्तकात हा भाग सुरुवातीला नव्हता, मध्ये होता, इंग्रजीत पुन्हा पुढे आणला. तुमच्या पिढीने त्या काळातल्या चीनबद्दल मोठ्यांकडून ऐकलेलं असतं, त्यामुळे जिथं तरुण मुलं अडखळतात तिथं तुम्ही सहज आत जाल. अडखळाल ते नंतर, फिजिक्सच्या पानांवर, आणि तिथं न कळलेलं सोडून पुढे गेलं तरी चालतं, खरंच चालतं.

प्रश्न: विज्ञानकथा आणि फँटसी यात नेमका फरक काय? माझा रूममेट म्हणतो की आपल्या पुराणांत अस्त्रं आणि विमानं आहेत म्हणजे जगातली पहिली विज्ञानकथा आपलीच. मला पटत नाही पण उत्तरही देता येत नाही.
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: एक जुनं भांडण सांगते त्यात उत्तर आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८६५ सालच्या कादंबरीत माणसं चंद्राकडे पाठवली ती एका अवाढव्य तोफेतून, फ्लोरिडात खड्डा खणून, तोफेची लांबी, गोळ्याचं वजन, दारू किती, सगळे हिशोब देऊन. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९०१ साली पाठवली ती एका बनवलेल्या धातूने, त्या धातूवर गुरुत्वाकर्षण चालत नाही म्हणे. व्हर्नला ते अजिबात आवडलं नाही, त्याचं म्हणणं होतं की मी दारूगोळा वापरतो जो आहे, आणि हा नसलेला धातू वापरतो, मग दाखवा तो धातू. गंमत अशी की हिशोब देऊनही व्हर्नची तोफ चुकीचीच, त्या धक्क्याने आतली माणसं क्षणात मेली असती. तरी ती विज्ञानकथाच. आणि वेल्सचीही विज्ञानकथाच, कारण धातू खोटा असला तरी एकदा मानल्यावर पुढचं सगळं तो तर्काने चालवतो. म्हणजे विज्ञान बरोबर असायलाच पाहिजे असं नाही, पण 'हे कसं झालं' या प्रश्नाला कथेने उत्तर द्यायची तयारी पाहिजे आणि ते उत्तर जगाच्या नियमांतून यायला पाहिजे. फँटसी म्हणते, या जगाचे नियमच वेगळे आहेत, हे घे नियम, आता मी ते मोडणार नाही.

पुराणातली अस्त्रं मंत्राने येतात, तपाने मिळतात, शापाने विसरतात. कर्णाला ऐनवेळी मंत्र आठवत नाही, तो काही मशीनमध्ये बिघाड नव्हे, तो शाप आहे, आणि त्यातच त्या प्रसंगाचा सगळा जीव आहे. त्याला विज्ञान म्हटलं की आपण त्याला मोठं करत नाही, उलट शापच काढून टाकतो. ते अद्भुत आहे आणि अद्भुत म्हणूनच भारी आहे. तुझ्या रूममेटला 'कथासरित्सागर' मात्र दे वाचायला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने संस्कृतात लिहिलेला. त्यात एक राजपुत्र फिरत फिरत एका नगरात पोचतो, बाजार भरलाय, दुकानदार बसलेत, लोक येताजाता दिसतात, पण आवाज कुणाचाच नाही. जवळ जाऊन बघतो तर सगळी माणसं लाकडाची, यंत्राने हलणारी, आणि अख्ख्या नगरात जिवंत माणूस एकच, ती सगळी घडवणारा सुतार. इथं मंत्र नाही, देव नाही, कारागिरी आहे. हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट मला आजच्या कुठल्याही रोबोच्या कथेइतकी जवळची वाटते, त्या एकट्या सुतारामुळे.

नारळीकरांनी आपल्या कथांना 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासूर' अशी नावं दिली ते बघ. पुराणातलं नाव उचललं, पण पुराण हेच विज्ञान असं कुठेही म्हटलं नाही.

प्रश्न: आधी 'हॉबिट' वाचायचं की थेट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'? मी चौदा वर्षांचा आहे.
– ठाणे

उत्तर: आधी 'हॉबिट'. १९३६ साली ते छापायचं की नाही हे ठरवायला प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं, त्याने एक शिलिंग घेऊन अभिप्राय लिहिला की चांगलं आहे, म्हणून ते १९३७ साली छापलं गेलं. मोठं पुस्तक सतरा-अठरा वर्षांनी आलं, १९५४-५५मध्ये, तीन भागांत, आणि त्याची चाल संथ आहे, पहिल्या भागात जेवणखाण आणि चालणं खूप. घाई करू नकोस. मराठीतही आहे, 'स्वामी मुद्रिकांचा' नावाने, मुग्धा कर्णिकांचं भाषांतर. इंग्रजी जड गेलं तर ते शेजारी ठेव.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, सातवी-आठवी. मुलं हुशार आहेत पण पाठ्यपुस्तकाबाहेर वाचन नाही. लायब्ररीच्या नावाने एक लोखंडी कपाट, त्यात निम्मी पुस्तकं थोर पुरुषांच्या चरित्रांची. पैसे थोडेच आहेत. अद्भुत आणि विज्ञानाच्या गोष्टींतून सुरुवात करावी असं मनात आहे. कुठून करू?
– एक शिक्षक, नंदुरबार

उत्तर: सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पुस्तकं विकत घेण्याआधी एक करा, आठवड्यातून दोनदा शेवटच्या तासाची वीस मिनिटं तुम्ही वाचून दाखवा. प्रश्न विचारायचे नाहीत, तात्पर्य नाही, शब्दार्थ नाहीत. घंटा झाली की प्रसंग अर्धवट ठेवून पुस्तक मिटायचं, आणि ते पुस्तक टेबलावर मुलांना दिसेल असं ठेवून बाहेर जायचं, कपाटात कुलूप लावून नाही.

पहिली गोष्ट मी सांगते ती पुस्तक नसलं तरी सांगता येईल, आणि ती महाराष्ट्रातली आहे. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, सातवाहन राजा. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता, पाणी उडवून उडवून राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे मा उदकैः, पाण्याने मारू नका. राजाला संस्कृत येत नव्हतं. त्याने नोकरांना सांगितलं, लाडू-मोदक घेऊन या! सगळ्या राण्या हसल्या आणि राजा लाजून अन्नपाणी सोडून बसला. (इथं वर्ग हसतो, दर वेळी हसतो, थांबा थोडं.) मग त्याला संस्कृत शिकवायचं ठरलं. गुणाढ्य नावाचा पंडित म्हणाला सहा वर्षांत शिकवतो, दुसरा म्हणाला सहा महिन्यांत. गुणाढ्य पैजेवर म्हणाला, सहा महिन्यांत जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. दुसऱ्याने करून दाखवलं. गुणाढ्य बोलणंच सोडून रानात गेला, तिथं त्याने पिशाचांची भाषा शिकली, त्या भाषेत सात लाख श्लोकांची कथा ऐकली आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाकडे पाठवली. राजा म्हणाला, भाषा पिशाचांची, शाई रक्ताची, नको मला. तेव्हा गुणाढ्याने एका टेकडीवर कुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकायला लागला. ऐकायला रानातली सगळी जनावरं आली, हरणं, डुकरं, गोल करून बसली, डोळ्यांत पाणी, चरायचं विसरली. इकडे राजवाड्यात राजा आजारी, वैद्य म्हणाले मांस सुकं येतंय, शिकारी म्हणाले जनावरं खातच नाहीत, एक माणूस टेकडीवर गोष्ट वाचतोय ती ऐकतात. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख राहिले. 'कथासरित्सागर' त्या उरलेल्यातून आला असं तो ग्रंथच सांगतो.

मी ही गोष्ट दरवर्षी नव्या मुलांना सांगते. मागच्या वर्षी एक मुलगा, कधी तोंड न उघडणारा, घरी जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, "जळालेल्या गोष्टी हरणांना माहिती असतील ना." मला काही बोलताच आलं नाही. मूळ ग्रंथाचं मराठी भाषांतर आहे पण ते मोठ्यांचं आहे, त्यातले पुष्कळ प्रसंग वर्गात वाचण्यासारखे नाहीत, आधी तुम्ही वाचा आणि निवडून सांगा.

विकत घ्यायची तर पहिली ज्यूल व्हर्नची भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली. भागवत म्हटलं की सगळ्यांना फास्टर फेणे आठवतो, पण व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला तोही त्यांनी, आणि त्यांचं मराठी उड्या मारत जातं, भाषांतराचा वास येत नाही. पाणबुडीच्या गोष्टीतला कॅप्टन निमो मुलांना आवडणारच. समुद्राखाली राहणारा, कुणाला आपला देश न सांगणारा, इंग्रजांवर चिडलेला. व्हर्नच्या मनात आधी तो पोलंडचा होता, रशियाने ज्याचं कुटुंब मारलं असा, प्रकाशकाने ते नको म्हटलं म्हणून त्याचा देश पहिल्या पुस्तकात गुलदस्त्यातच राहिला. पुढे 'मिस्टिरियस आयलंड' या १८७४-७५च्या कादंबरीत व्हर्नने सांगून टाकलं की निमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डाक्कार, १८५७च्या उठावात लढलेला. हे शेवटी सांगा, आधी नको. आठवीला इतिहासात १८५७ आहेच, वर्गाचे चेहरे बघण्यासारखे होतात.

नंतर नारळीकरांच्या कथांची एक-दोन पुस्तकं. आणि दिवाळी संपल्यावर गावातल्या वाचनालयांतून जुने दिवाळी अंक मिळतात का विचारा, 'नवल' आणि 'धनंजय'मध्ये गूढ, विज्ञान, अद्भुत अशा कथा भरपूर असतात. निवडून घ्या मात्र, सगळ्या मुलांसाठी नसतात.

चरित्रांची पुस्तकं काढू नका सर, वरच्या कप्प्यात असू देत. फक्त डोळ्यांसमोरचा कप्पा या गोष्टींना द्या.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा तेरा वर्षांचा, सायन्स फिक्शनचं वेड आहे, मराठी समजतं, बोलतो, पण वाचताना एका पानाला दहा मिनिटं लागतात आणि चिडून सोडतो. त्याने मराठी विज्ञानकथा वाचावी असं फार वाटतं.
– एक आई

उत्तर: तो वाचेल ही अट आत्ता सोडा, ऐकेल असं करा. गाडीत, स्वयंपाक करताना, झोपताना, तुम्ही वाचा. तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातली कल्पना पुढे पळते आणि डोळे अक्षरं लावत मागे राहतात, त्याचा राग मराठीवर नाही, त्या वेगावर आहे. 'वामन परत न आला' घ्या, जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन ठेव्यातून अतिहुशार रोबोची कृती हाती लागते आणि तो बनवायचा की नाही यावर गोष्ट उभी राहते, आज त्याच्या वयाची मुलं एआयबद्दल जे बोलतात ते सगळं त्यात आहे. याचं इंग्रजी रूपही आहे, 'द रिटर्न ऑफ वामन'. त्याला इंग्रजी वाचू द्या, तुम्ही मराठी वाचून दाखवा, आणि कुठे काय वेगळं आहे ते त्याला पकडू द्या. या वयाच्या मुलांना चुका पकडायला फार आवडतं.

त्यातले शास्त्राचे मराठी शब्द त्याला अवघड जातील असं वाटेल, पण उलट होतं. कृष्णविवर, गुरुत्वाकर्षण, हे शब्द फोडून दाखवा, काळं बीळ, जडाची ओढ. माझ्या भाच्याला, तोही तिकडेच वाढलेला, 'दुर्बीण'पेक्षा 'कृष्णविवर' आधी पाठ झालं होतं.

प्रश्न: मी सोळा वर्षांची आहे आणि मला फँटसी लिहायचीय. पण लिहायला बसले की किल्ले, बर्फ, गोरी मुलं, ड्रॅगन हेच येतं कारण तेच वाचलंय. आपल्याकडचं लिहायला गेले की एकदम पौराणिक मालिका वाटायला लागते. मधलं काही आहे का?
– कोल्हापूर

उत्तर: आहे, आणि तुला हा प्रश्न पडला हेच मला फार आवडलं. अर्सुला ली ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' मिळव, १९६८चं, पातळसं आहे. सगळं जग बेटांचं, मचव्यांचं, वाऱ्याचं. आणि त्यातला जादूगार मुलगा गोरा नाही, तांबूस सावळा आहे, त्याचा मित्र चांगला काळा आहे. ली ग्विनने हे मुद्दाम केलं आणि आधी सांगून दवंडी पिटली नाही, वाचकाचा त्या मुलावर जीव बसल्यावर हळूच कळू दिलं. तरी वर्षानुवर्षं कव्हरवर गोराच मुलगा काढत राहिले, २००४ साली टीव्हीवर आलं तेव्हाही गोराच घेतला आणि तिने जाहीरपणे निषेध केला. त्या पुस्तकात जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं, आणि प्रत्येक जादूची किंमत कुठेतरी मोजावी लागते. हे मी तुला लिहिण्यासाठी सांगतेय, तुझ्या जगात जादू काय करू शकते हे नंतर ठरव, आधी ती काय करू शकत नाही ते ठरव.

आणि आपल्याकडचं म्हणजे देवादिकांचंच कशाला? देवांच्या गोष्टी सगळ्यांना शेवटापर्यंत माहिती आहेत म्हणून मालिका वाटते. त्यांच्या खाली बघ. विहिरीवरच्या साती आसरा, शेताच्या बांधावरचा म्हसोबा, पिंपळावरचा मुंजा, कोकणात गावाच्या वेशीचा राखणदार. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, म्हणजे तुझ्यापेक्षा लहान! तो त्या झाडावर किती वर्षं आहे, खाली रस्ता रुंद करायला माणसं करवत घेऊन आलीत, त्याला काय वाटत असेल? यात किल्ला नाही, बर्फ नाही, पुराणही नाही. नारायण धारपांनी असल्या वाड्यांतून आणि अंगणांतून पिढ्यान्‌पिढ्या लोकांना घाबरवलंय, पण त्याच जागांवरून भीतीपलीकडचंही लिहिता येतं आणि ती जागा अजून बरीच मोकळी आहे.

अजून एक वाच, छोटं आहे, 'सुलतानाज ड्रीम'. बंगालच्या बेगम रुकैया यांनी १९०५ साली इंग्रजीत लिहिलं, मद्रासच्या एका बायकांच्या मासिकात आलं. त्यात पुरुष घरात पडद्यात आहेत आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून गाडी चालवतात, राज्य चालवतात. पडद्यात वाढलेल्या बाईने लिहिलंय हे. तिने किल्ले आणि बर्फ उसनं आणलं नाही, आपल्या घराची कडी उलट्या बाजूने लावली. तुझ्या घरातली अशी कुठली कडी आहे ते बघ.

प्रश्न: माळ्यावर चांदोबाचे जुने अंक सापडले, नऊ वर्षांच्या मुलीला दिले. विक्रम-वेताळ वाचून तीन रात्री झोपली नाही, आता अंकाकडे बघतही नाही. चूक झाली का? तिला असल्या गोष्टी कायमच्या नकोशा होतील का?
– एक बाबा, पुणे

उत्तर: नाही होणार. आणि ती गोष्टीला घाबरली नसणार, चित्राला घाबरली असणार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, हातात तलवार, मागे झाडाच्या वाकड्या फांद्या. ते चित्र मीही लहानपणी हाताने झाकून वाचायचे. तिला घाबरू नकोस, खोटं असतं ते, असं सांगत बसू नका, तिला ते माहिती आहे. तिच्यासमोर ते अंक उचला आणि विचारा, कुठे ठेवू? ती सांगेल तिथे ठेवा, अगदी तुमच्या ऑफिसच्या कपाटात म्हणाली तरी. आमच्याकडे एका मुलीने असंच एक पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लावलं आणि किल्ली फिरवल्यावर ड्रॉवर स्वतः ओढून बघितला. तीन आठवडे रोज यायची, ड्रॉवरकडे बघायची आणि दुसरं काहीतरी घेऊन जायची. चौथ्या आठवड्यात म्हणाली, फक्त शेवटचा प्रश्न वाचून दाखव, वेताळाने विचारलेला, चित्र नको दाखवूस.